पालीच्या मातीचं वाळवण

आमच्या घरात ज्या वस्तूला ऊन लागलं नाही ती वस्तू पुरी झाली, असं जिजी मानतच नसे. जिजी म्हणजे माझी आई. लोणखेड्याच्या आमच्या घराच्या स्लॅबवर बारा महिने काही ना काही पसरलेलं असे. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया आणि कैरीच्या फोडी, पावसाळा सरला की गोधड्या, हिवाळ्यात गवार आणि मेथी. आजारातून उठलेल्या माणसालाही ती आधी स्लॅबवर नेऊन बसवायची आणि मध्येच येऊन सांगायची, 'आते कूस बदल.' घरामागच्या खळ्यात थंडीभर आमच्या शेतातली लाल मिरची ताडपत्र्यांवर पडलेली असे, दारापासून कुंपणापर्यंत. तिचा खकाणा स्वयंपाकघरात, कपाटात, माझ्या वह्यांत शिरलेला. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. घरी पाहुणा आला की आधी त्याची शिंक ऐकू यायची आणि मग हाक. त्याला पाणी देताना जिजी हमखास म्हणायची, 'सर्दी व्हयेल दिखस तुमले.'

मी तेव्हा बारावीला होते आणि मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षेचा फॉर्म भरायचा, मग बाहेरगावी होस्टेलवर राहून शिकायचं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातला एकही शब्द पसंत नव्हता. ते सकाळ-संध्याकाळ शेतकरी आणि मधल्या वेळात कचेरीत कारकून. आमच्या स्लॅबवरून गावातलं कॉलेज दिसत असे, आणि हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता. 'कॉलेज डोयासमोर शे. घंटी वाजनी का निंघानं. मंग बाहेर कसाले जावानं?' जे डोळ्यांना दिसतं ते सोडून जो न दिसणाऱ्या ठिकाणी शिकायला जातो, त्याच्या बुद्धीबद्दलच त्यांना शंका असे.

अशात दिवाळीला माझा मोठा भाऊ सुरतेहून आला. तो तिथे कापडाच्या दुकानात हिशेबनीस होता. एका हातात फराळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात काचेची पेटी. पेटीत तपकिरी माती, मातीवर फुटक्या मडक्याचं अर्धुक, आणि त्याखाली एक जाडजूड, पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाल. शेपूट मुळ्यासारखी फुगलेली. सुरतेच्या खोलीमालकाने त्याला बजावलं होतं की खोलीत एक तर तू राहशील नाही तर ती, आणि भावाने भाडं भरणाऱ्याची निवड केली होती.

जिजी कपाळाला हात लावून म्हणाली, 'घरम्हा धा पाली भिंतवर फिरी ऱ्हायन्यात, नि तू सुरतथून आखो एक लई उना?'

'जिजी, ही पाल नही. गेको शे. परदेशी जात शे. कागद शे तिना,' भाऊ म्हणाला.

कागद म्हटल्यावर आप्पांनी चष्मा मागवला. नोंदणीचा तो कागद त्यांनी उजेडात धरून दोनदा वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली, आणि घडी घालून परत देताना त्यांचा आवाज बदललेला होता. आमच्या घरात कागद असलेल्या वस्तूला मान होता. भिंतीवरच्या पालींना कागद नव्हता म्हणून त्या पाली, आणि हिला होता म्हणून ही 'जनावर'. भावाने तिचं नाव रानी ठेवलं होतं. तिला पापण्या होत्या, आणि ती सावकाश एकेक डोळा मिटून उघडायची. जिजीने ते लांबून पाहिलं आणि म्हणाली की भिंतीवरच्यांपेक्षा वळण बरं दिसतं.

भाऊबीज झाली आणि भाऊ निघाला. जाताना त्याने पेटी, उबेसाठीचा बल्ब, अळ्यांचा डबा आणि पेटीतल्या मातीसाठी कोकोपीटची, म्हणजे दाबलेल्या नारळाच्या भुश्याची, एक सुकी वीट माझ्या हवाली केली. त्याच संध्याकाळी मी फॉर्मचा विषय पुन्हा काढला. आप्पांनी पेटीकडे बोट केलं.

'जनावरनी डाक्टर व्हनार शे ना तू? मंग पहिले ही होळीलगून जगाडी दखाड. जगनी ते फारम भर. मरनी ते समोरनं कॉलेज शेच.'

मी लगेच हो म्हणाले. सतराव्या वर्षी मला वाटलं की एका पालीला चार महिने जिवंत ठेवण्यात काय अवघड आहे. पाल एकटी असती तर अवघड नव्हतंही. पण ती आमच्या घरात होती, आणि आमच्या घरात प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीतलं कळत असे.

पहिल्यांदा आप्पांना कळलं. शहाद्याकडच्या कुठल्याही पपईवाल्याला कोकोपीट नवीन नाही, रोपं त्यातच वाढवतात. आप्पांनी पेटीतल्या भुश्याला बोट लावलं, कोरडा लागला, आणि त्यांचा चेहराच पडला. 'पपईनं रोप काय सुका कोकोपीटम्हा जगस?' रानी पपईचं रोप नाही, हे मी सांगून पाहिलं. यावर ते म्हणाले, 'जीव तो जीव.' दुसऱ्या दिवसापासून कचेरीत जाण्याआधी ते झारीने पेटीत पाणी घालू लागले. मी कॉलेजात असे. घरी येऊन पाहावं तर मातीचा चिखल आणि रानी मडक्याच्या अर्धुकावर चढून बसलेली. मी ओली माती उपसायची, वरून उरलेली सुकी टाकायची, ते पुन्हा भिजवायचे. ज्या माणसाने ती होळीच्या आधी मेली तर बरं असं मनातून म्हणायला हवं होतं, तोच तिची सगळ्यात जास्त सेवा करत होता. पैजेचा आणि पाण्याचा त्यांच्या डोक्यात काही संबंधच नव्हता. आज मला त्यांच्या त्या भोळेपणाचं हसू येतं, तेव्हा मी रागाने उशीत तोंड खुपसून रडले होते.

संक्रांत झाली आणि पेटीला वास येऊ लागला. मातीवर पांढरी बुरशी आली. रानीचं पोट खालून लालसर झालं आणि तिने अळ्या खाणं कमी केलं. मी भावाला फोन केला. त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस दोन बोटांनी माती उचलून सांगत होता की ती ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवावी, म्हणजे बुरशीही मरते. आमच्याकडे ओव्हन नव्हता. आमच्याकडे तवा होता, पुरणपोळीचं खापर होतं आणि सूर्य होता. मी भीत भीत खापराचं विचारलं.

'खापरवर पालनी माती? मंग पुरनपोया तुन्हा डोकावर करू का?' जिजी म्हणाली. मग तिने पेटीत वाकून वास घेतला, चिमूटभर माती उचलून मुठीत दाबली, आणि मुठीतून पाण्याचे थेंब गळल्यावर तिच्या तोंडावर असा काही भाव आला की मला ती खापराचं विसरली आहे हे कळलं. ओली राहिलेली वस्तू घरात आहे, हा तिला स्वतःचा अपमान वाटला. 'हाई माले पहिले काबर नही सांगं? वायाडानं काम शे हाई. वायाडानं माले नको शिकाडू.'

दुसऱ्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. रानीला मी जुन्या डब्यात वर्तमानपत्रावर ठेवलं आणि पेटी जिजीच्या स्वाधीन केली. कॉलेजात दिवसभर मला काळजी नव्हती, हे कबूल करायला हवं. तालुक्यात वाळवणाला जिजीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने सगळं तिच्या शास्त्राप्रमाणे केलं. सकाळचं कोवळं ऊन सोडलं, थर बोटभर पातळ ठेवला, तीन वेळा हाताने वरखाली केला, दव पडायच्या आत गोळा केला. मी आले तेव्हा माती पेटीत परत गेली होती. मुठीत दाबली की गोळा होत होता आणि बोट लावलं की सुटत होता. एकही ओला खडा नाही, वास नाही, बुरशी नाही. मी जिजीच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, 'सरक, भाकर करपी.'

रानीला मातीवर सोडलं. ती चार पावलं चालली आणि थांबली. मग ती काचेला पुढचे पाय लावून उभी राहिली. मग पाण्याच्या वाटीत जाऊन बसली. एरवी ती वाटीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. सकाळी पाहिलं तरी ती वाटीतच होती, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. अळी समोर धरली तर तोंड फिरवलं.

घरात निदानं सुरू झाली. आप्पा म्हणाले, माती कोरडी पडली म्हणून ती पाण्यात बसली, मी आधीच सांगत होतो. जिजीला ते मान्य नव्हतं. तिच्या वाळवणात खोट काढणं म्हणजे तिच्या माहेरात खोट काढणं. ती म्हणाली, नजर लागली, भावाने मोबाईलवर फोटो टाकले होते. तिने मीठ आणि सात लाल मिरच्या घेतल्या, पेटीवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. खोली धुराने भरली.

'ठसका उना का कोनले?'

आम्ही तिघंही धुरात आरामात उभे होतो. कोणाला ठसका लागला नाही.

'मंग लागेलच व्हती,' जिजी म्हणाली. मिरची जळून ठसका लागला नाही म्हणजे नजर होती, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी मला ते पटलंही. बारावीला विज्ञान शाखेत पहिल्या पाचांत असलेली मुलगी हात जोडून त्या धुरात उभी होती, हे लिहून ठेवायला हवं.

त्याच दुपारी पाहुणे आले. आप्पांनी त्यांचं सकाळीच सांगितलं होतं. 'नुसता चहाले यी ऱ्हायनात.' मुलाचा नवापूरला कोंबड्यांचा मोठा कारभार होता. पैज आपल्या जागी आणि चहा आपल्या जागी, असं आप्पांचं म्हणणं. वर समजूतही घातली की तुला जनावरांचंच वेड आहे ना, तिथे हजारो आहेत, घरबसल्या डॉक्टरकी कर. पाहुण्यांत मुलगा नव्हता. त्याचे वडील होते आणि पुण्यात राहणारी त्याची मामी. दोघं नाकाला रुमाल लावून आत आली आणि जिजीने सर्दीची चौकशी केली. मी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. मामींनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि कोपऱ्यातली पेटी दिसताच मला सोडून तिकडे गेल्या.

'अय्या, हे काय पाळलंय तुम्ही? किती गोड आहे! माझ्या मैत्रिणीच्या मुलाकडे अशीच आहे.' त्यांनी रुमाल बाजूला केला, वरची जाळी उचलली आणि कौतुकाने पेटीत तोंड घातलं.

पहिल्या शिंकेला सगळ्यांचे चमचे थांबले. ठरावाच्या बैठकीत शिंक म्हणजे अपशकुन. मुलाच्या वडिलांनी हात वर करून धीर दिला, 'एक वाईट ऱ्हास, दोन चांगल्या.' दुसरी आली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तिसरी आली. मग सगळी बैठक मोजायला लागली. सम आली की आप्पा हसायचे, विषम आली की पोह्यांकडे बघायचे. मामी खुर्चीला धरून शिंकत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शेवटी अकराव्या शिंकेवर त्या थांबल्या. 'बाई गं,' त्या धापा टाकत म्हणाल्या, 'त्या पेटीत तिखट आहे का हो?'

मी जिजीकडे पाहिलं. जिजी माझ्याकडे पाहत होती.

'जिजी, माती कोठे वायाडी व्हती?'

'खळावर,' ती हळू म्हणाली. 'मिरची भरी टाकी व्हती नं गोनीसम्हा. ताडपत्री रिकामी व्हती. तठेच ऊन चांगलं पडस.'

ताडपत्री रिकामी होती, म्हणजे आमच्या डोळ्यांना रिकामी. महिनाभर तिच्यावर मिरची तापली होती, आणि तिचा सगळा खकाणा त्या तपकिरी मातीत मुरला होता. ती माती आम्ही तिघांनी हुंगली होती आणि छान म्हटलं होतं. रानी आदल्या संध्याकाळपासून तिखटात होती, आणि वरून आम्ही तिला मिरचीचा धूर दिला होता.

मी ट्रे खाली ठेवला. रानीला उचलून स्वयंपाकघरात पळाले, भाकरीची परात ओढली आणि तांब्याने पाणी ओतायला लागले. मागून आप्पांचा आवाज आला, 'अवं, पाव्हना बठेल शेतस!' पाहुणेही उठून दारात आले होते. तेवढ्यात जिजी त्यांच्यामधून वाट काढत आत शिरली.

'नुसतं पानी नको! आग आखो पसरस. तेल लाव पहिले, तेल!' मिरची खुडणाऱ्या बायकांच्या हातांची आग तिने आयुष्यभर उतरवली होती. तिने बोटावर तेल घेतलं, आणि जी बाई भिंतीवरची पाल अंगावर पडली तर डोक्यावरून अंघोळ करत असे, तिने माझ्या हातातली पाल स्वतःच्या हातात घेतली. पोटाला तेल चोळलं, एकेक बोट पुसलं, मग कोमट पाण्याने धुतलं, उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे टिपले. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता. ती सारखी एकच बोलत होती, 'मन्ही माय, मन्ही माय.' ते रानीला होतं का स्वतःला, मला कळलं नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की मुलगी चांगली आहे पण घरातलं लक्ष पालीवर जास्त दिसतं. पैज मात्र त्यांनी मोडली नाही, आणि सोडलीही नाही. झारी तेवढी पपईच्या रोपांकडे परत नेली. रोज कचेरीत निघताना चप्पल घालता घालता ते विचारत, 'जिती शे ना?' आणि आतून मी म्हणायची, 'शे, आप्पा.'

ती होती. वर्तमानपत्रावर, मडक्याच्या अर्धुकाखाली. एक डोळा उघडला, दुसरा उघडला नाही. तिने एखाददुसरी अळी घेतली की मी दिवसभर हवेत असायची, नाही घेतली की पुस्तकातली अक्षरं दिसायची नाहीत. मुळ्यासारखी शेपूट दोरीसारखी झाली. होळीला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी मी अर्धुक उचललं आणि ती हलली नाही. बोट लावलं. थंड होती.

मी स्वयंपाकघरात गेले. जिजी भाकरी थापत होती. 'जिजी, रानी गई,' मी म्हणाले. मला फक्त रानीचं रडू येत होतं असं नाही. फॉर्म गेला होता, होस्टेल गेलं होतं, आणि स्लॅबवरून दिसणारं ते कॉलेज आता आयुष्यभर दिसत राहणार होतं. जिजीने हातातली भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, शेकली, आणि गॅस बंद केला. तिने धुतलेल्या लुगड्याचा एक तुकडा फाडला. मागच्या कडुलिंबाखाली आम्ही दोघींनी रानीला पुरलं. हात धुऊन आत आलो तर आप्पा दारात चप्पल घालत होते.

'जिती शे ना?'

मी तोंड उघडलं. माझ्या आधी जिजी बोलली.

'निजेल शे.'

जिजी खोटं बोलत नसे. दुधात पाणी घालणाऱ्या भावजयीशी तिने सहा वर्षं अबोला धरला होता. ती बाई आठ दिवस रोज सकाळी 'निजेल शे' म्हणाली. आप्पा बघत असताना चिमट्याने अळी पेटीत टाकायची, ते गेले की काढून घ्यायची. वाटीतलं पाणी बदलायची. एकदा मला उगाच दटावलं, की मोठ्याने वाचू नको, ती उठेल. मी आप्पांकडे बघूही शकत नव्हते.

होळी पेटली, पुरणपोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा चष्मा लावून पेटीसमोर उकिडवे बसले. खाली काहीच नसलेलं ते अर्धुक न उचलता त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग ते समाधानाने म्हणाले, 'मी पानी टाकनं बंद कयं, मंग कशी अंग धरी ऱ्हायनी देख.' आणि उठून म्हणाले, 'चाल, कागदं काढ तुन्हं. शहादाले जाईसन फारम भरी टाकूत.'

त्यानंतर माझ्या हातून पुष्कळ गुरं वाचली, शेळ्या वाचल्या, काही गेल्याही. प्रत्येक वेळी मालकाला खरं सांगायचं, हा मी माझा नियम केला, आणि तो मोडला नाही. अशा नियमाच्या डॉक्टरणीचा पहिला फॉर्म एका मेलेल्या पालीच्या तब्येतीवर भरला गेला, हे आप्पांना मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी विचारलं असतं, मग तिच्या कागदाचं काय केलं?

त्या सकाळी ते गाडी काढायला बाहेर गेले तेव्हा मी कागदांची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मला जाववत नव्हतं. 'जिजी,' मी म्हणाले, 'मी हारनी व्हती ना?'

ती ओट्याशी पाठमोरी होती. आमच्या घरात वाळवणात तिचं कधी काही चुकलं, असं तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले आणि वळली.

'चूक मन्ही व्हती,' ती म्हणाली. 'मंग तुन्हं शिकनं काबर बंद व्हवाले जोयजे?'

बाहेर गाडी सुरू झाली, आणि तिने मला खांद्याला धरून दाराबाहेर ढकललं.